काजळीच्या पोटाला नवार

श्रावण सरत आला की माझ्या नाकात शिंगाचा वास येतो. बैलाचं शिंग कानशीनं साळताना जो येतो तो. केस जळल्यासारखा, थोडासा करपलेल्या दुधासारखा. आता गावात शिंगं साळणारे उरले नाहीत, कारण आमची एक जोडी सोडली तर बैलच उरले नाहीत, आणि ट्रॅक्टरचं काय साळणार? तरी वास येतो. पाऊस उघडावा, उन्हात ओल्या गवताची वाफ यावी, मुगाच्या शेंगा काळ्या पडाव्यात आणि ओट्यावर बसल्या बसल्या माझं नाक एकदम साठ-बासष्ट वर्षं मागं जावं, असं दर वर्षी होतं.

परवा नातू गोठ्यातून ओरडला, "आबा, औंदा शिंगं साळू काय?"

"नाई."

"काहून पन? दर साली नाईच म्हनता तुमी."

"म्हनूनच नाई म्हनतो. पेटीतल्या शेंब्या काढ अन् चिचेनं घास."

शेंब्या म्हणजे शिंगांच्या टोकांवर बसवायच्या पितळी टोप्या. बाजारात मिळतात त्या पत्र्यासारख्या हलक्या असतात. आमच्या मात्र हाताला जड लागतात. त्यांचं पितळ आधी दुसऱ्याच कामाचं होतं, आणि ते काम सांगायचं तर आधी एका घोडीचं सांगावं लागतं.

घोडीचं नाव काजळी. अंगानं काळीभोर, कपाळावर चवलीएवढा पांढरा ठिपका. ती आमच्या शेजारच्या गोदाकाकीची. काकीचे यजमान त्र्यंबककाका घोड्यांचे शौकीन होते. शेलूबाजारच्या बाजाराला ते घोडीवर बसून जायचे तेव्हा बायका दारात येऊन बघायच्या. काकांना नव्हे, घोडीला. काका गेले. पोरबाळ नव्हतं. काकीनं शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलं, गाई देऊन टाकल्या, पण काजळी ठेवली. काजळीची आजी काकांनी लग्नाच्या वर्षी आणलेली होती. तिची लेक, लेकीची लेक काजळी. काजळीला तोवर तीन शिंगरं झाली होती आणि तिन्ही नर. त्या वर्षी चैत्रात काकीनं तिला पुन्हा घोडा दाखवला होता. घोडीचं वय सतरा. ह्या खेपेला मादी झाली तर काकांच्या घोड्यांची वेल पुढे जाणार, नाही तर काजळीपाशी संपणार. काकी हे कोणापाशी बोलत नसे, पण सगळ्या गावाला माहीत होतं. दर शुक्रवारी ती गोठ्यातल्या खुंटीवरच्या काकांच्या खोगिराच्या पितळी रिकिबी काढून राखेनं घासायची, परत टांगायची. त्यात पाय घालणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि मी? मी तेव्हा तेवीस वर्षांचा, वडलांच्या मागे घरचा कर्ता, नुकता लग्न झालेला आणि पक्का मूर्ख. मूर्ख हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. चांद्या नावाचा माझा बैल होता. पाठीवर चंद्रकोर, खांदा असा की जू ठेवलं तर हलू नये. पोळ्याला सासरची माणसं यायची होती. रिठदकडच्या एका जोडीची शिंगं मी बाजारात पाहिली होती, साळून साळून टोकाला सुईसारखी केलेली. ती माझ्या डोक्यात बसली. पोळ्याच्या आधी तीन दिवस मी चांद्याची शिंगं घेऊन बसलो. आधी कानस, मग काचेचा तुकडा, मग तेलाचा बोळा. माझी बायको इंदू म्हणाली, "आवो, बैल हाय का भाला?" मी हसलो. टोक बोटाला लावून पाहिलं, बोटातून रक्ताचा थेंब आला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आजही तो थेंब आठवला की स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

पोळ्याच्या सकाळी सगळे बैल नाल्यावर. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळलेली, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून झालेलं. पाणी गढूळ, काठावर शिंगं रंगवायच्या हिंगुळाच्या वाट्या, बेगड, गोंडे. पोरं ओरडतात, एक जण उगाच डफडं बडवतो. मी चांद्याला धुतलं, काठावर आणलं, आणि वाटी घ्यायला वाकलो. वाकताना वेसण सोडली. किती वेळ? 'वाटी' म्हणायला लागतो तेवढा.

काकी काजळीला पाणी पाजायला रोज त्याच वेळी त्याच उताराने यायची. ती आली. डफडं वाजलं. चांद्या बुजला आणि त्यानं मान झटकली. बैल माशी हाकलायला झटकतो तशीच. मारावं असं त्याच्या मनातही नव्हतं. काजळी एकदा किंचाळली आणि बाजूला झाली, आणि मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिच्या डाव्या कुशीतून आतडं बाहेर आलं होतं.

त्यानंतरचा आवाज मला आठवत नाही. काकीनं पदर सोडून ते आतडं खालून झेललं हे आठवतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, शिवी दिली नाही.

"तुह्या बैलानं फाडलं," ती म्हणाली. "तूच शिवून दे."

त्यानंतर सातएक महिने ती माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवशी गावात सत्तर बैल होते आणि एकही गाडीला जुंपता येत नव्हता. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गावात घर जळत असतं तरी कोणी ठेवलं नसतं. मी सायकल घेतली. मंगरुळच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर टोचणीसाठी शेलूबाजारला आले होते आणि पूर आल्यानं तिथेच अडकले होते, एवढं ऐकून होतो. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल चालत नाही, माणूस सायकलला चालवतो. दोन कोसांतला दीड कोस मी ती खांद्यावर वाहिली. डॉक्टर ओट्यावर दाढी करत होते. नागपूरला शिकलेले, शिडशिडीत, शुद्ध बोलणारे. मी सांगितलं. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून पेटी उचलली.

वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाभण आहे का?"

"हाव साहेब. पाचवा लागला."

त्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि झपझप पुढे चालू लागले. 

काकीच्या गोठ्यापुढे कडुनिंबाखाली कडबा अंथरला. पोळ्यासाठी घेतलेलं माझं नवं धोतर अजून घडीत होतं. डॉक्टर म्हणाले स्वच्छ कापड पाहिजे, तर इंदूनं तेच मिठाच्या पाण्याच्या गंजात टाकून उकळलं. डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं, काजळीचे पाय दोरानं बांधून तिला आडवं केलं, आणि मला म्हणाले, "हात धू. कोपरापर्यंत. आता हे धर."

मी काजळीचं आतडं माझ्या नव्या धोतरात धरून बसलो. ते गरम होतं आणि हळूहळू सरकत होतं. माझ्या हातात एक जीव आपलं रोजचं काम करत होता, त्याला काही माहीतच नव्हतं. डॉक्टर बोट बोट पाहत गेले, कुठे भोक पडलंय का. नव्हतं. मग त्यांनी जखम आणखी थोडी कापून रुंद केली. मी डोळे मिटले तर म्हणाले, "मिटू नकोस, हात थरथरतील." आतडं धुऊन आत गेलं. त्यामागून त्यांचा हातही मनगटाच्या वरपर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला.

"शिंगराची पिशवी लागली हाताला," ते म्हणाले. "शाबूत वाटते."

तीन थरांनी त्यांनी पोट शिवलं. घाम त्यांच्या अर्ध्या दाढीतून गळत होता. शेवटचा टाका घालून ते काकीकडे वळले. "आई, घोडी जगेल असं मला वाटतं. शिंगराचं मी सांगू शकत नाही. पोट उघडलं, आत वारं गेलं, आता ताप येईल. पहिले पंधरा-वीस दिवस धोक्याचे. त्या दिवसांत गाभ पडला नाही तर पुढे आशा धरा. मग पोट वाढेल आणि टाक्यांवर ताण येईल, ते वेगळंच."

काकीनं मान हलवली. मग काजळीच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "काजळे, त्याले म्हन, कानस आनून दे माह्यापाशी."

त्याले म्हणजे मला. मी घरी जाऊन कानस आणली, तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती कनवटीला खोवली.

माणसांनी अबोला धरलेला मी पुष्कळ पाहिला आहे. आमच्याकडे भावाभावांचे अबोले दोन-दोन पिढ्या चालतात. पण घोडीला मध्यस्थ करून चालवलेला अबोला मी तेवढा एकच पाहिला. मी रोज उजाडताना आणि दिवस मावळायच्या आत काकीच्या गोठ्यात जात असे. सांगितलं कोणी नव्हतं. पण 'तूच शिवून दे' हे तिनं डॉक्टरला नव्हतं म्हटलं, मला म्हटलं होतं. आणि मी मनाशी धरलं होतं की शिंगरू जमिनीवर उभं राहील तेव्हाच शिवून झालं. आमच्या घराण्यात बुद्धी कमी, हट्ट मुबलक. तर मी जाई, आणि काकी काजळीशी बोले. "काजळे, त्याले म्हन, पानी कोमट कर." "काजळे, त्याच्या हाताले काय झालं? जोरानं कायले पुसते?" मीही मग काजळीलाच उत्तरं देऊ लागलो. काजळी बिचारी दोघांच्या मध्ये कान हलवत उभी. एकदा इंदूनं हे ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून पळाली.

भादव्यात माशा. जखमेवर एक माशी बसली तर अळ्या पडतात, म्हणून कडुनिंबाचा पाला उकळून धुवायचं, वर डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि दिवसभर गोवरीचा धूर. तो धूर माझ्या धोतराला, अंथरुणाला, जेवणाला लागला. काजळीनं लोळू नये म्हणून तिला दोन बाजूंनी बांधलेली. घोडी उभी झोपते, पण लोळण्यासारखं सुख तिला दुसरं नाही, आणि ते सुखच आम्ही काढून घेतलं होतं. खायला कोवळी हरळी आणि भिजवलेला कोंडा, थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा.

बाराव्या दिवशी ती खायची थांबली. अंग तापलं. मान वळवून वळवून कुशीकडे बघू लागली, पाय आपटू लागली, मागून ओल दिसू लागली. बातमी गावभर झाली. गोठ्याशी माणसं जमली, आणि जमलेली माणसं गप्प बसली तर ती माणसं कसली?

"गाभडते आता."

"पोट फाटलेली घोडी कुठं शिंगरू देत असते!"

एक जाणता गृहस्थ काढा घेऊनच आला. म्हणाला, "गोदे, आतलं मेलं असनार. हे पाज, मोकळी होईन. नाई त घोडीबी जाईन." वाईट माणूस नव्हता तो. त्यानं अनेकांची गुरं बरी केली होती, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं.

काकीनं तो काढ्याचा लोटा त्याच्या हातातून घेऊन दाराशी ठेवला. मग काजळीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "काजळे, त्याले इचार. थो काय म्हनते?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मला काही येत नव्हतं. मला शेत येत होतं, बैल येत होते, आणि ते किती येत होते हे सगळ्यांनी पाहिलंच होतं. काढा दिला आणि आत शिंगरू जिवंत असलं तर आम्हीच ते मारणार. नाही दिला आणि ते मेलेलं असलं तर विषानं काजळी जाणार. मी म्हणालो, "काजळे, तिले सांग, मी डॉक्टरले घेऊन येतो. तवर कोनी काई पाजू नोको."

चांद्याला गाडीला जुंपलं. ज्यानं फाडलं त्यानंच डॉक्टरला आणावं असं मनात होतं असं मी म्हणणार नाही. मंगरुळपर्यंत चिखलातून ओढत नेईल असा दुसरा बैल माझ्यापाशी नव्हता, एवढंच. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांना घेऊन आला. काकी तोवर दारात लोट्यापाशी बसून होती. कोणाला आत जाऊ दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सदरा काढला, हाताला तेल लावलं आणि मागच्या बाजूनं हात आत घातला. कोपर दिसेनासं झालं. त्यांनी डोळे मिटले. कडुनिंबावर कावळा होता, तोही तेवढ्यापुरता गप्प होता असं मला आठवतं, पण ते मी नंतर मनानं घातलं असेल.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"जित्तं?" काकीनं विचारलं.

"हललं माझ्या हाताखाली."

काकी उठली, लोटा घेऊन उकिरड्यावर गेली आणि काढा ओतून आली. मी गोठ्यामागे जाऊन रडलो. तेवीस वर्षांचा बाप्या, मिशा होत्या मला.

परवा ह्याच नातवाच्या मोबाइलमध्ये मी पाहिलं, यंत्र फिरवलं की गाईच्या पोटातलं वासरू पडद्यावर दिसतं. काळंपांढरं, धुरासारखं. फार चांगलं झालं. पण न दिसणाऱ्या जिवावर सात महिने नजर ठेवायची म्हणजे काय, हे त्या पडद्याला कळायचं नाही. आम्हाला रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागे की ते आहे. पुरावा नसे. ठरवायचं, आणि कोंडा भिजवायचा.

सुगी आली. ज्वारी कापणीला आली, रानात कणसांचा गोड वास आणि पाखरांचा दंगा. माझं पीक त्या वर्षी अर्धं पाखरांनी नेलं, कारण मालक राखणीला मचाणावर असायला हवा तेव्हा घोडीपाशी असायचा. त्याच दिवाळीच्या सुमारास आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कोतवालानं दवंडी दिली. काकी काजळीला म्हणाली, "आयकलं का? तू गाभन राह्यली एका राज्यात, अन् शिंगरू देशीन दुसऱ्या राज्यात." ती थट्टा माझ्यासाठी नव्हती, तरी मी हसलो, आणि तिनं मला हसताना पाहिलं. पाहून मान फिरवली.

मार्गशीर्षात डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं. टाक्यांच्या जागी फुगवटा दिसू लागला. आधी लिंबाएवढा, मग वाटीएवढा. वरची कातडी धरली होती, आतला थर सुटत होता, आणि शिंगरू तर आत्ता कुठे अंग धरायला लागलेलं. डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा उघडलं तर दोन्ही जातील. खालून आधार द्या. रुंद पट्टा, मऊ, पण न ताणणारा. पोट वाढेल तसा सैल करत जायचा. घट्ट झाला तर शिंगराला त्रास, सैल झाला तर आतडं उतरेल."

मऊ, रुंद आणि न ताणणारं असं माझ्या घरात एकच होतं. माझ्या लग्नातल्या बाजेची नवार. मी ती उलगडायला घेतली तेव्हा इंदू दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घोडीले नवार अन् मले भुई?"

"मले बी भुईच हाय."

"तुमाले काय, तुमी शिंगं साळा." असं म्हणाली खरी, पण मग सुईदोरा घेऊन बसली. नवारीचे सहा पदर बाजूला बाजू लावून तिनं असे शिवले की आजचा मशीनवाला शिवणार नाही. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. टोकांना चामड्याचे बंद, पाठीवरून बांधायला. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं जमिनीवर कडबा टाकून झोपलो. काजळीचं पोट मात्र आमच्या बाजेवर होतं.

दर आठ दिवसांनी मी सुतळीनं तिचं पोट मोजायचो आणि सुतळीला गाठ मारायचो. दोन गाठींत जेवढं अंतर, तेवढाच पट्टा सोडायचा. पौषापर्यंत त्या सुतळीवर सहा गाठी झाल्या. ती सुतळी मी सदऱ्याच्या खिशात ठेवत असे आणि शेतात काम करताना मधूनच गाठी चाचपत असे, कुठे गेल्या तर नाहीत म्हणून.

संक्रांतीच्या सकाळी थंडी मी म्हणत होती. काकीनं विहिरीचं ताजं पाणी काजळीपुढे ठेवलं. थंड पाणी पोटात गेलं की आतलं शिंगरू दचकतं, असं जुनी माणसं म्हणत. रोज आम्ही बघायचो आणि रोज काही दिसायचं नाही. त्या दिवशी काजळी पाणी प्याली, आणि पट्ट्याच्या वरच्या बाजूला कुशीची कातडी आतून कोणी ढुशी द्यावी तशी उचलली गेली. एकदा. मग परत.

काकी कुजबुजली, "काजळे, त्याले म्हन, हात ठिव."

मी हात ठेवला. आतून एक खूर माझ्या तळव्याला लागला. चार महिन्यांपूर्वी माझ्या चुकीनं जिथवर शिंग गेलं होतं, तिथून ते जिवंत मला लाथ मारत होतं. बरोबरच होतं त्याचं. मी ती लाथ खाल्ली आणि घरी जाऊन इंदूला म्हणालो, तिळगूळ दे, आज मला गोड बोलायचं आहे.

फाल्गुनात डॉक्टर शेवटचं येऊन गेले. म्हणाले, "हिच्या पोटाला जोर नाही. घोडी कळ देते ती पोटाच्या भिंतीनं, आणि हिची भिंत नवारीची आहे. ती जोर करेल तेव्हा तुम्ही ओढायचं, ती थांबेल तेव्हा थांबायचं. सरळ नाही, खाली, तिच्या टाचांच्या दिशेनं. आणि घोडीला वेळ नसतो. गाय चार तास घेते. घोडीनं अर्ध्या तासात मोकळं झालं पाहिजे. मला बोलवायला येऊ नका. मी पोचणार नाही."

पाडव्याला चार दिवस राहिले होते. मी नेहमीसारखा उजाडताना गेलो, हातात पाण्याची बादली. काजळी आडवी पडली होती, अंग घामानं भिजलेलं, आणि मागून दोन खूर दिसत होते, पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेले. काकी गुडघ्यांवर बसून एक पाय धरून होती. काजळी जोर करायची, पट्टा ताणायचा, आणि काहीच पुढे सरकायचं नाही. मी दुसरा पाय धरला. निसटला. सदरा काढून त्यात धरला. काजळी कण्हली. आम्ही ओढलं. थांबलो. काजळीनं डोकं जमिनीवर टाकलं, डोळा पांढरा झाला. मला वाटलं, गेली.

"नारायणा!" काकी ओरडली. "नारायणा, वढ! खाली वढ!"

सात महिन्यांनी माझं नाव. मी ओढलं. माझ्या आयुष्यात मी इतका जोर नांगराला लावला नाही, विहिरीला लावला नाही. नाक आलं, कपाळ आलं, खांद्याशी अडलं. काकीनं काजळीला हाक मारली, काजळीनं उरलासुरला जीव गोळा करून एक कळ दिली, आणि खांदे निघाले तसं ते सगळं गरम, ओलं, जड माझ्या मांडीवर आलं. मी मागं पडलो. काकीनं पडदा फाडला, पदरानं नाक पुसलं, नाकात फुंकर मारली. ते शिंकलं.

काकीनं शेपटी उचलून पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"घोडी हाय," ती म्हणाली. "नारायणा, घोडी हाय रे."

शिंगरू तासाभरात चार काड्यांवर उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. काजळी जगली. पट्टा पुढे दोन महिने ठेवावा लागला आणि फुगवटा जन्मभर राहिला, पण ती जगली. गावानं शिंगराचं नाव ठेवलं मुंबई, नव्या राज्यात झालेलं पहिलं म्हणून. "मुंबई नाल्यावर गेली," "मुंबईनं माह्या शेतातला हरबरा खाल्ला," असं लोक पुढे वीस वर्षं म्हणत होते आणि परगावचा माणूस तोंडाकडे बघत राही.

आता मी विचार करतो तेव्हा वाटतं, मी काही केलं का? शिवलं डॉक्टरांनी, पट्टा केला इंदूनं, गाभ धरून ठेवला काजळीनं. मी रोज गेलो, एवढंच. पण चूक करणाऱ्याला दुसरं काय करता येतं? चूक मागे घेता येत नाही, जाता मात्र येतं. दोन्ही वेळा, न चुकता, कोणी बोलो ना बोलो.

पुढच्या श्रावणात एके दिवशी मी काकीच्या गोठ्यात गेलो तर खुंटी रिकामी होती. रिकिबी नव्हत्या.  काकी आता माझ्याशी बोलत होती, पण त्या खुंटीबद्दल विचारण्याइतकी ओळख माझी झाली नव्हती.

पोळ्याच्या सकाळी ती माझ्या गोठ्यात आली. गेल्या पोळ्यापासून तिनं माझ्या गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. चांद्या उभा होता. ती सरळ त्याच्या तोंडासमोर गेली, पदराची गाठ सोडली आणि दोन शेंब्या काढल्या. जड, नव्यानं ओतलेल्या पितळाच्या, गोल बोथट टोकाच्या.

"ओताऱ्याकून करून आनल्या," ती म्हणाली. "पाय ठिवाले कोनी नाई आता. शिंगाले तरी येतीन कामाले."

 तिनं स्वतःच्या हातानं एक शेंबी बसवली, मग दुसरी. चांद्यानं मान हलवली, तरी ती मागं सरली नाही.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काके, मंग माही कानस दे की आता."

"कायले पाह्यजे?"

 मी परत कधी मागितली नाही आणि तिनं कधी दिली नाही.

त्या दिवशी नाल्यावर मी चांद्याची वेसण दोन्ही हातांनी धरून उभा होतो. डफडं वाजत होतं. रोजच्याच वेळी, रोजच्याच उतारानं, काकी काजळीला घेऊन खाली आली. मागे मुंबई उड्या मारत. दुसरी वाट होती नाल्याला, वरच्या अंगानं; काकीला ती ठाऊक होती. ती ह्याच वाटेनं आली. सगळे बघत होते. चांद्यानं काजळीकडे पाहून मान झटकली, आणि पितळ उन्हात चमकलं.

काजळीनं डोकं वर केलं. त्याच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा खाली घालून पाणी पिऊ लागली.